मुलींना ‘खो’ ऐकू येऊ द्या!
पालकांसाठी सामन्याच्या दिवसाची कृती

शाळेच्या खो-खो संघाचे सामने जवळ आलेत आणि आई-बाबा मैदानाभोवती गर्दी करणार, हे नक्की. त्यांचा उत्साह हवाच आहे, फक्त तो मुलींच्या पायांत यायला नको. तुम्हीही त्या पालकांपैकीच, म्हणून पुढाकार तुम्ही घ्या. सगळं क्रमानं करू.

साहित्य: कोऱ्या चिठ्ठ्या, पेनं, चुन्याची फक्की, दोन-तीन सतरंज्या, पाण्याचा मोठा जार.

१. सामन्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलीकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. त्यात दोनच ओळी: ‘बाहेरून काय ऐकायला आवडतं’ आणि ‘काय ऐकलं की गडबडायला होतं’. नाव घालायचं नाही.

२. सगळ्या चिठ्ठ्या तुमच्या अक्षरात एका कागदावर उतरवा. ही पायरी गाळू नका. आईला लेकीचं अक्षर लांबूनही ओळखू येतं.

३. सराव संपता संपता पालकांना मैदानावरच बोलवा, वीस मिनिटांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर नियमावली टाकून मोकळे होऊ नका. ती कुणी वाचत नाही आणि वाचली तर राग येतो.

४. कागद मोठ्यानं वाचा. कुणी ‘हे आमच्या चिंगीनंच लिहिलं असणार’ म्हणालं, तर हसून पुढची ओळ वाचायला घ्या.

५. आता पालकांपैकी आठ जणांना खऱ्या मैदानात, आठ चौरसांत बसवा. एकाआड एक उलट तोंडं करून, अगदी मुली बसतात तशी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आग्रह करू नका.

६. एका मुलीला पाठलाग करायला सांगा, एकीला पळायला, आणि बाहेरच्या पालकांना म्हणा, ‘नेहमीसारखे ओरडा!’ या पायरीला घाई नको, खरी मजा इथेच आहे. चौरसात बसलेल्या बाबांना मागून ‘खो’ ऐकू यायला हवा. पण कानावर येतं काय, तर ‘ऊठ! ऊठ! अगं, डावीकडे!’ बाबा अर्धवट उठतात, ‘खो’ मिळालेलाच नसतो. खऱ्या सामन्यात हीच चूक झाली की पंचांची शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला उलट दिशेला वळावं लागतं आणि पळणारी सुटते. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडत नाही. उठून कपडे झटकतानाच पालक एकमेकांकडे बघायला लागतात.

७. लगेच, तिथल्या तिथे, चालतील ते शब्द ठरवा: ‘शाब्बास’, ‘छान पळालीस’, ‘चला गं मुलींनो’ आणि टाळ्या. ‘ऊठ’, ‘पकड’, ‘खांब गाठ’ हे शब्द फक्त प्रशिक्षकांचे. यादी लांबवू नका, ऐन वेळी काही आठवत नाही.

८. सामन्याच्या दिवसापुरती, पालकांना सांभाळायला एक ‘मैदानताई’ किंवा ‘मैदानदादा’ नेमा. डोकं थंड असलेलं माणूस बघा.

९. सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या पालकांना टाळ्यांची सुरुवात करायचं काम द्या. शिक्षा म्हणून नव्हे हं, मनापासून द्या. तो आवाज संघाला हवाच आहे.

१०. सामन्याच्या सकाळी आधी आयोजकांना विचारा, की पालकांनी बसायचं कुठे. न विचारता फक्की टाकलीत तर ती पुसायला लागेल.

११. मिळालेल्या जागी, मैदानाच्या रेषेपासून चांगली मागे, पालकांसाठी फक्कीची एक रेघ मारा. खांबांच्या मागची जागा मोकळीच ठेवा, तिथे मुली सूर मारतात.

१२. रेघेमागे सतरंज्या अंथरा. बसलेला माणूस उभ्यापेक्षा कमी ओरडतो.

१३. समोरच्या संघाच्या पालकांनाही पाणी विचारा. ओळख झाली की त्यांच्या मुलीला वाईटसाईट बोलायला जीभ रेटत नाही.

१४. दोन्ही संघ मैदानात येताना दोघांसाठीही टाळ्या वाजवा.

१५. पाठलाग चालू असताना आवाज खाली ठेवा. गडी बाद झाला, तीन जणींची तुकडी संपली, की मग वाजवा टाळ्या!

१६. आपली मुलगी बाद होऊन बाहेर येताना पहिली टाळी तुमची असू द्या. कपाळावर हात मारू नका. ती बाहेर येताना सगळ्यांत आधी तुमच्याकडेच बघते.

१७. पंचांचा निर्णय पटला नाही, तरी जागेवरून हलू नका. बोलायचं ते कर्णधार आणि प्रशिक्षक बोलतील.

१८. कुणी पालक तापलेच, तर मैदानताईनं त्यांच्या शेजारी जाऊन हळूच म्हणावं, ‘दादा, जार उचलायला जरा हात लावता का?’ समोर उभं राहून समजूत घालू नका, आणि त्यांच्या लेकीदेखत तर मुळीच नको.

१९. शेवटची शिट्टी झाली की पंचांचे आणि समोरच्या संघाचे आभार माना. निकाल काहीही असो.

२०. घरी जाताना आधी ‘भूक लागलीय का?’ एवढंच विचारा. सामन्याचा विषय तिला काढू दे. तिनं काढला नाही, तर वडापाव खाऊन गुपचूप घरी चला. ‘तिथे तू जरा लवकर उठलीस’ हे तिला तुमच्याआधी माहीत असतं.

२१. रात्री पालकांच्या गटावर दोन्ही संघांचा एकत्र फोटो टाका. एकाच मुलीचं कौतुक नको आणि कुणाची चूक तर नकोच.

२२. त्याच निरोपात पुढच्या सामन्यासाठी मैदानताई किंवा मैदानदादा कोण, ते विचारून घ्या. नाव आलं की चिठ्ठ्यांचा कागद आणि उरलेली फक्की त्यांच्या घरी पोचवा.