भगिनीमंडळांचे पुनर्मीलन : अमेरिकेतील एका शैक्षणिक वर्षाचा अभ्यास

अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थिनींच्या आजीव सभासदत्वाच्या मंडळांना ‘सोरोरिटी’ असे म्हणतात. लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण; त्यावरून हा शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. स्त्रियांना उच्च शिक्षण मिळू लागले तरी विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांची दारे त्यांना बंदच होती, म्हणून त्यांनी स्वतःची मंडळे स्थापन केली. इलिनॉय राज्यातील मॉनमाउथ महाविद्यालयात १८६७ मध्ये बारा विद्यार्थिनींनी सुरू केलेले ‘पाय बीटा फाय’ हे अशा आरंभीच्या मंडळांपैकी एक होय. पुढे १९०८ मध्ये वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ची स्थापना केली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी आलेल्या कमला हॅरिस या याच मंडळाच्या सभासद आहेत. मंडळ राष्ट्रीय पातळीवरचे असले तरी त्याचे खरे जीवन विद्यापीठातील शाखेत चालते.

या शाखेची रचना आपल्याकडील एखाद्या नोंदणीकृत संस्थेची आठवण करून देणारी आहे. अध्यक्ष, कोषाध्यक्ष, नव्या सभासदांच्या शिक्षणाची जबाबदारी असणारी पदाधिकारी, नियमित बैठक, गणपूर्ती, वर्गणी, इतिवृत्त हे सारे तेथे असते. प्रत्येक नव्या मुलीला एक ‘थोरली बहीण’ नेमून दिली जाते. अनेक शाखांची स्वतःची निवासगृहे असून त्यांची मालकी बहुधा माजी विद्यार्थिनींच्या संस्थेकडे असते. मात्र सर्व पदाधिकारी वीस-एकवीस वर्षांच्या मुली, आणि चार वर्षांत संपूर्ण सभासदवर्ग बदलतो. कोणत्याही शाखेत तिची परंपरा स्वतः पाहिलेल्या अशा एका वेळी चारच तुकड्या असतात.

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना घरी पाठविले आणि या व्यवस्थेवर प्रथमच एवढा मोठा आघात झाला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत पुष्कळ ठिकाणी सभासद निवडीच्या फेऱ्या संगणकाच्या पडद्यावर झाल्या. दीक्षाविधी हा गुप्त आणि समक्षच करावयाचा, असा जुना दंडक. तोही काही मंडळांनी दूरस्थ पद्धतीने उरकला, काहींनी पुढे ढकलला. जेथे निवासगृहे उघडी राहिली तेथे संसर्ग झपाट्याने पसरला. सप्टेंबर २०२० मध्ये इंडियाना विद्यापीठाने ब्लूमिंग्टन येथील बंधुमंडळांची आणि भगिनीमंडळांची सामूहिक निवासगृहे बंद करावीत असा सल्ला दिला, कारण काही गृहांत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले होते. गृह रिकामे राहिले तरी कर्जाचे हप्ते आणि विमा थांबत नाहीत. कार्यक्रमच नाहीत तर वर्गणी कशासाठी, हा सभासदांचा प्रश्नही अवाजवी म्हणता येणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये लसीला आपत्कालीन मान्यता मिळाली, एप्रिल २०२१ पासून सर्व प्रौढांना लस खुली झाली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बहुतेक विद्यापीठे विद्यार्थ्यांनी पुन्हा गजबजली. टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठात त्या महिन्यात दोन हजारांहून अधिक तरुणी निवडीच्या फेऱ्यांत उतरल्या. त्यांच्या पोशाखांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर देशभर पाहिल्या गेल्या. पोशाखांची ही चर्चा जरा अधिकच झाली. शाखांसमोरचा खरा प्रश्न तिच्यात झाकला गेला.

तो प्रश्न साध्या हिशेबाने कळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चौथ्या वर्षाच्या मुलींनी मार्च २०२० पूर्वीचे दीड वर्ष शाखेत काढले होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या पदरी जेमतेम सात महिने होते. दुसऱ्या वर्षाच्या मुली पडद्यावरून निवडल्या गेलेल्या. त्यांनी वर्गणी भरली, मतदान केले, परंतु त्यांतील कित्येकींनी आपल्या थोरल्या बहिणीला प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. पहिल्या वर्षाच्या तर नवख्याच. म्हणजे अर्ध्या शाखेला शाखा कशी चालते हे ठाऊक नव्हते, आणि ज्यांना पुरते ठाऊक होते त्या मे २०२२ मध्ये पदवी घेऊन जाणार होत्या. शिकविण्यासाठी हाती एकच शैक्षणिक वर्ष होते.

नियमावल्या लेखी स्वरूपात उपलब्ध होत्याच. पण नियमावलीत सर्वच गोष्टी लिहिलेल्या नसतात. अनेक शाखांमध्ये रात्री पॅनकेक करून विकण्याची व जमलेला पैसा रुग्णालयास देण्याची प्रथा आहे. ‘ट्राय डेल्टा’ मंडळ असा निधी मेंफिस येथील सेंट ज्यूड या बालरुग्णालयासाठी उभारते. पीठ किती भिजवावे, रांग कोठून वळवावी, विद्यापीठाच्या कोणत्या कचेरीतून किती दिवस आधी परवानगी घ्यावी, रोख रक्कम कोणी मोजावी, हे शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. साथीच्या काळात आवाहने दूरस्थ पद्धतीने काढता आली. स्वयंपाकघर मात्र बंदच होते. बैठकीत विरोध कसा नोंदवावा, नाराज सभासदाला बाजूला घेऊन कसे समजवावे, हेही पडद्यावर शिकता येत नाही. अशा स्थितीत माजी विद्यार्थिनी सल्लागारांचे महत्त्व वाढणे स्वाभाविक होते. त्यातच ओमायक्रॉनच्या लाटेमुळे जानेवारी २०२२ मध्ये काही विद्यापीठांनी सत्राचे पहिले काही आठवडे पुन्हा दूरस्थ केले आणि हाती असलेले वर्ष आणखी आखूड झाले.

जुने सारेच परतावे असे मात्र नव्हते. अलाबामातील पारंपरिक भगिनीमंडळांत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना डावलले जात असल्याचे २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केले होते. २०२० च्या उन्हाळ्यात नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात वर्णभेदाच्या प्रश्नावरून या मंडळांच्या विसर्जनाची मागणी पुढे आली आणि अनेकांनी सभासदत्व सोडले. नवागतांचा छळ हा तर याहून भयंकर भाग. फेब्रुवारी आणि मार्च २०२१ मध्ये व्हर्जिनिया आणि ओहायो या राज्यांत बंधुमंडळांच्या समारंभांत अतिमद्यपानामुळे दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ओहायो राज्याने त्याच वर्षी कायदा कडक केला. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी छळाच्या घटनांची नोंद व प्रसिद्धी बंधनकारक करणारा कायदाही झाला. खंडामुळे चांगल्या प्रथांबरोबर अशा प्रथांचीही साखळी तुटण्याची संधी होती. ती कोणत्या शाखेने घेतली आणि कोणत्या शाखेने दवडली, हे थोरल्या तुकडीने काय सांगावयाचे आणि काय सांगावयाचे नाही ठरविले, यावर अवलंबून राहिले.

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांपुढेही असाच प्रश्न होता. येथे स्वयंसेवकाची मुदत दोनच वर्षांची, २४० तासांची. दीड वर्षाच्या खंडात जवळजवळ सगळी तुकडीच बदलते. गावातील सात दिवसांच्या निवासी शिबिरात श्रमदानाची जागा कशी ठरवावी, सरपंचांशी बोलणी कोणी करावी, शिधा किती लागतो, हे धाकट्यांना सांगणारे स्वयंसेवक मग उरत नाहीत. फरक एवढाच की येथे कार्यक्रम अधिकारी हा प्राध्यापक असतो आणि विद्यार्थी बदलले तरी तो महाविद्यालयात राहतो.

अमेरिकेतील शाखांना तो आधार नव्हता. २०१९ मध्ये आलेली तुकडी, सात महिन्यांची शिदोरी घेऊन, २०२२-२३ मध्ये शाखांची सर्वांत ज्येष्ठ तुकडी ठरली. मे २०२३ मध्ये तीही बाहेर पडली. त्यानंतर पदांवर आलेल्या मुलींनी साथीपूर्वीची एकही बैठक पाहिलेली नव्हती. त्यांना जे ठाऊक होते ते २०२१-२२ या वर्षात त्यांच्यापर्यंत पोचले तेवढेच.