डॅनिश झेंड्याखालची दोन गावे



भारतात आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांचे प्रकरण निघाले की पोर्तुगीज, डच, इंग्रज व फ्रेंच ही चार नावे तुम्ही एका दमात म्हणता. पाचवे बहुधा राहून जाते. नववीच्या वर्गात आम्ही ते फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, डेन्मार्कचे लोक इकडे कशाला आले होते?" वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. कारण आमच्या घरी कोंकणी बोलली जाते, आम्ही शिकवतो मराठी, आणि या दोन्ही भाषांच्या छापील अक्षरांचा एक धागा त्या पाचव्या नावाशी जाऊन मिळतो. तो धागा हाती धरून कोणाला प्रवास करावयाचा झाल्यास काय पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

डेन्मार्क देश फार लहान. कोकण आणि गोवा मिळून जेवढा मुलूख होईल, त्याहून तो काहीसाच मोठा. त्या काळी नॉर्वे त्याच राजाकडे होते, तरीही इंग्रज किंवा डच यांच्यापुढे त्याचे बळ तोकडेच. तेथील राजा चौथा ख्रिश्चन याने १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि १६१८ साली ओवे गेडे या पंचविशीही न गाठलेल्या सरदाराच्या हाताखाली जहाजे रवाना केली. बेत सिंहलद्वीपात पाय रोवण्याचा होता, तो फसला. पुढे गेलेल्या एका जहाजावर पोर्तुगिजांनी हल्ला केला. त्यातून वाचलेला रोलंड क्राप्पे हा अधिकारी तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या आश्रयाला गेला, आणि जे सिंहलद्वीपात साधले नाही ते येथे साधले. नोव्हेंबर १६२० मध्ये तह होऊन समुद्रकाठचे तरंगमबाडी हे गाव वार्षिक खंडणीच्या बोलीने डॅनिशांना मिळाले. नायकाने डॅनिश राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठविलेले पत्र कोपनहेगनच्या दप्तरखान्यात आजही जपलेले आहे.

तरंगमबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचे गाव. युरोपियनांच्या जिभेवर त्याचे 'ट्रँकेबार' झाले. आज ते तमिळनाडूच्या मयिलादुतुरै जिल्ह्यात, कारैकलच्या उत्तरेस आहे; तंजावरहून शंभराच्या आसपास किलोमीटर. गावात शिरताना प्रथम वेस लागते. पांढरी, ठेंगणी, १७९२ सालची, वर डॅनिश राजाची मुद्रा. वेशीतून आत गेले की सरळ समुद्राकडे जाणारा राजरस्ता. दोन्ही बाजूंना जुनी खांबांची घरे, आणि त्याच रस्त्यावर दोन चर्चे. १७०१ सालचे झायन चर्च डॅनिश लोकांसाठी होते. १७१८ सालचे न्यू जेरुसलेम चर्च मुख्यतः तमिळ ख्रिस्ती लोकांसाठी. देव एक, रस्ता एक, पण चर्चे दोन. प्रवाशाने येथे क्षणभर थांबावे.

रस्त्याच्या शेवटी समुद्राकडे तोंड करून डान्सबोर्ग किल्ला उभा आहे. शिवरायांचे गड पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला म्हणजे मोठी कोठीच वाटेल, आणि ती काही खोटी नव्हे. खाली कोठारे व तुरुंग, वर अधिकाऱ्यांच्या खोल्या. आता तेथे तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. खालच्या दालनांत फिरताना एका कैद्याची आठवण ठेवावी. डॅनिश राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग व हाइन्रिश प्ल्युटशाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक १७०६ साली येथे पोचले. राजाने पाठविलेली माणसे कंपनीच्या अधिकाऱ्याला मुळीच आवडली नाहीत. यांच्यामुळे व्यापारात विघ्न येईल असे त्याला वाटे. त्याने झिगेनबाल्गला चार महिने याच किल्ल्यात कोंडून ठेवले. म्हणजे डॅनिश झेंड्याखाली सगळे मुक्त होते, असे समजण्याचे कारण नाही. तमिळ आधीच शिकलेला झिगेनबाल्ग सुटला, त्याने छापखाना उभा केला, आणि तमिळमधील नवा करार १७१५ पर्यंत छापून झाला. १७१९ साली तो वारला. न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

किल्ल्याजवळच किनाऱ्यावर मासिलामणिनाथाचे देऊळ आहे. पांड्य राजांच्या काळातले, १३०६ सालचे; डॅनिश जहाजे येण्याआधी तीनशे वर्षे ते तेथे होते. त्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे सारे गाव झोडपून काढले आणि अनेक कोळी कुटुंबांची घरे व माणसे नेली. डॅनिश वास्तू पाहण्यासाठी जाणाऱ्याने हेही विसरू नये, की हे गाव प्रथम त्या कोळ्यांचे आहे.

आता मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न. आपला येथे काय संबंध? तंजावरची गादी १६७० नंतरच्या काही वर्षांत नायकांकडून शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे आली, आणि डॅनिशांचे यजमान नायकांऐवजी भोसले झाले. हे नाते नेहमी गोडीचे नव्हते. १६९९ साली तंजावरच्या फौजेने तरंगमबाडीला वेढा घातला होता, तो उठविण्यास मद्रासहून इंग्रजांची कुमक यावी लागली. परंतु आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १७५० साली तरंगमबाडीच्या धर्मसंस्थेत ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्‌झ नावाचा जर्मन उपदेशक आला व पुढे तंजावरला राहू लागला. १७८७ साली मरणाच्या दारी असलेल्या तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याला त्याच्या स्वाधीन केले. श्वार्ट्‌झने त्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाहिली, दरबारातल्या विरोधकांपासून त्याला सांभाळले. सरफोजी स्वधर्मातच राहिले. पण गुरूला विसरले नाहीत. श्वार्ट्‌झच्या मृत्यूनंतर त्यांनी जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज मूर्तिकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात राजाने हाती घेतला आहे, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये पाहावयास मिळते. याच सरफोजींनी तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापविले. म्हणून तरंगमबाडीचा प्रवास तंजावरशिवाय अपुरा आहे. तेथे सरस्वती महाल ग्रंथालय पाहावे, आणि बृहदीश्वराच्या देवळातील भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख बोट ठेवून वाचावा. तमिळ देशात, चोळांच्या देवळात, आपली अक्षरे!

दुसरे गाव येथून पार दूर, बंगालमध्ये आहे. नाव श्रीरामपूर. आमच्या वर्गात काहींनी लगेच अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसमळ्यांच्या श्रीरामपूरचे नाव घेतले. ते हे नव्हे. हे हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्याहून लोकल गाडीने सुमारे वीस किलोमीटर. १७५५ साली नवाब अलिवर्दीखानाकडून डॅनिशांनी ही जागा मिळविली आणि आपल्या राजाच्या नावावरून 'फ्रेडरिक्सनगर' असे तिचे नाव ठेवले. तेथून कापड व इतर माल डेन्मार्कला जाई. इंग्रज कंपनीच्या नोकरांनी खासगी व्यापारात गाठीला बांधलेला पैसा मायदेशी पोचविण्याची सोयही डॅनिश जहाजे गुपचूप करीत. गावाच्या भरभराटीत त्याचा वाटा थोडा नव्हता.

१७९९ साली इंग्लंडहून काही बाप्टिस्ट धर्मोपदेशक आले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात उपदेशक नको होते, आणि कलकत्त्याबाहेर छापखाना तर नकोच होता. तेव्हा ते थेट श्रीरामपुरात उतरले. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आश्रय दिला आणि इंग्रजांनी मागणी करूनही त्यांना परत धाडले नाही. शतकापूर्वी ज्या झेंड्याखाली झिगेनबाल्ग कोंडला गेला, त्याच झेंड्याने आता दुसऱ्यांना छत्र दिले. यात झेंड्यापेक्षा माणसाचा भाग अधिक, असे आम्हांला वाटते. बंगालमध्ये आधीच नीळ कारखान्याची व्यवस्था पाहत असलेला विल्यम केरी जानेवारी १८०० मध्ये येऊन त्यांना मिळाला. तरुणपणी तो जोडे शिवीत असे. छापखाना त्याच वर्षी सुरू झाला.

खिळे कोणी घडविले? पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने, आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याने. केरीचे नाव सर्वत्र आहे. या लोहारांचे नाव शोधावे लागते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवू लागला. ज्याला आपल्या मुलखात उपदेश करण्यास बंदी, त्यालाच इंग्रजांनी आपले अधिकारी शिकविण्यास बोलावले, ही गंमत पाहा. मराठीसाठी त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे पंडित होते. त्यांच्या साह्याने १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरात छापून निघाले. मोडीचे खिळे तयार नसल्याने त्यात देवनागरी वापरली होती. १८१० साली कोश आला, तोवर मोडीचे खिळे तयार झाले होते. १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी', १८१५ साली 'हितोपदेश', दोन्ही मोडीत. आजोबांच्या ट्रंकेत जुने कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी त्या वळणदार अक्षरांचे शिशाचे खिळे पाडणे किती बिकट असेल याची कल्पना करावी; मोडीत हात न उचलता लिहितात, आणि खिळा तर एकेक सुटा.

या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे झाकण्यात अर्थ नाही. व्याकरण व कोश हे बायबलच्या भाषांतराकडे जाणारे रस्ते होते. तथापि रस्ता एकदा झाला म्हणजे त्यावरून कोणीही चालतो.

कोंकणीची गोष्ट आम्हांला अधिक लागते. भारतातला पहिला छापखाना गोव्यात, १५५६ साली आला. राचोल येथे थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली आणि कोंकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक १६२२ साली छापले गेले; पण दोन्ही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावे असे स्टीफन्स यांच्या मनात होते, ते साधले नाही. पुढे गोव्यातील छपाईच दीर्घकाळ बंद पडली. आणि नागरी अक्षरांत कोंकणी नवा करार छापला गेला तो १८१८ साली, दूर बंगालमध्ये, डॅनिशांच्या गावी! ज्या भूमीवर छापखाना प्रथम उतरला तेथे आमच्या बोलीला आपली अक्षरे मिळू नयेत, आणि जेथे ती बोली कोणाच्याही घरात नाही तेथे मिळावीत, हे आठवले की आम्हांला अभिमान वाटावा की खंत, ते कळत नाही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे खिळे जळून वितळून गेले. साचे तेवढे वाचले, आणि वितळलेल्या शिशातूनच पुन्हा खिळे ओतण्याचे काम सुरू झाले.

श्रीरामपुरात पाहण्यासारखे म्हणाल तर नदीकाठचे कॉलेज प्रथम. १८१८ साली केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी ते काढले. १८२७ साली डॅनिश राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. जवळच गव्हर्नरचा वाडा. १७८६ सालची डॅनिश पांथशाळा पडीक झाली होती. तिची दुरुस्ती होऊन २०१८ पासून तेथे पुन्हा चहाफराळ मिळू लागला. मिशनच्या दफनभूमीत १८३४ साली वारलेल्या केरीची कबर आहे. आणि १८०६ साली पूर्ण झालेले संत ओलाव्ह चर्च. त्याची डागडुजी इतकी नेटकी झाली की २०१६ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

१८४५ साली डेन्मार्कने ही दोन्ही गावे साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. तरंगमबाडीचा व्यापार पुढे नागपट्टणमकडे वळला, म्हणूनच तेथील जुने रस्ते फारसे न बदलता राहिले. श्रीरामपुरात तागाच्या गिरण्या आल्या, दाटी झाली. तेथे जुने गाव नव्यातून वेचून काढावे लागते.

शक्य असल्यास श्रीरामपूरहून होडीने पलीकडे बराकपूरला जावे. इंग्रज गव्हर्नर जनरलचे उद्यान तेथे होते. संत ओलाव्ह चर्चच्या बांधकामाला लॉर्ड वेलस्लीनेही वर्गणी दिली. पलीकडच्या तीरावर एखादा मनोरा असला की आमच्या उद्यानातून देखावा पुरा होईल, असे तो म्हणाल्याचे सांगतात. होडी मध्यावर आली की मागे वळून पाहावे. झाडांच्या वर तो मनोरा दिसतो, आणि त्याच काठावर कॉलेजची इमारत. कलकत्त्याला मराठी शिकवावयास जाणारा केरी याच पाण्यातून होडीने जात असे.