भाड्याचे घर आणि कायदा

मोरव्यापासून नयानगरपर्यंत भाड्याचे घर शोधणाऱ्याला प्रथम आडनाव विचारले जाते, अशा तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात. राज्यघटनेने हे बंद केले आहे, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत; खाजगी घर नाही. अमेरिकेने 1968 मध्ये घरभाड्यातील भेदभावाविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे तसा केंद्रीय कायदा नाही. उलट 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. निकाल आम्हाला पटत नाही, पण तो आहे. (आणि आमच्यातलेही काही मालक जमात विचारूनच किल्ली देतात, हेही सांगितले पाहिजे.)

तेव्हा हाती असलेला कायदा नीट वापरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते. तोंडी व्यवहार मालकालाच महागात पडतो तो असा.

सोसायटी बिनभोगवटा शुल्काच्या नावाने भरमसाट रक्कम मागत असेल तर 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश दाखवावा. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बयाणा देण्यापूर्वी सोसायटीचे उपविधी मागून वाचावेत, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.