एक नांव, अनेक गांवें

एका स्नेहसंमेलनाचें निमंत्रण आम्हीं एका विद्यार्थ्याच्या आईस टपालानें धाडिलें व पत्त्यावर ‘शिरूर, जिल्हा लातूर’ एवढेंच लिहिलें. तें पत्र भलत्याच गांवीं जाऊन आठ दिवसांनीं परत आलें. मुलास बक्षीस मिळालें, तेव्हां माउली सभागृहांत नव्हती. दोष टपालाचा नव्हे. आमच्या अर्धवट पत्त्याचा.

लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ हें तालुक्याचें ठिकाण आहे, तर शिरूर ताजबंद अहमदपूर तालुक्यांत आहे. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार; पुणें जिल्ह्यांतील शिरूर घोडनदी या नांवानेंही ओळखिलें जातें. नायगांवाचेंही तसेंच. एक नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, दुसरें मुंबईंत दादरजवळ आणि तिसरें सातारा जिल्ह्यांत, जेथें १८३१ सालीं सावित्रीबाई फुले जन्मल्या.

असें कां व्हावें? पूर्वजांनीं डोळ्यांसमोरील वस्तूवरून नांवें ठेविलीं. जेथें पिंपळ तेथें पिंपळगांव, जेथें वड तेथें वडगांव. झाडें सर्वत्र तींच, म्हणून नांवेंही तींच. शेजारच्या दोन गांवांचें नांव एक असेल, तर फारसी शब्द कामीं येतात. थोरलें तें बुद्रुक, धाकटें तें खुर्द. पुढें खुर्दाची वस्ती वाढली, तरी हीं विशेषणें सहसा बदलत नाहींत.

कधीं माणसेंच नांव सोबत नेतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें किल्लारी उद्ध्वस्त झाली. वांचलेल्यांनीं नव्या जागीं संसार थाटला आणि त्या वस्तीसही किल्लारीच म्हटलें. अमेरिकेंत १८४५ सालीं ऑरेगॉनांतील एका नव्या वसाहतीच्या दोघां मालकांपैकीं एकास बॉस्टन हें नांव हवें होतें, दुसऱ्यास मेन प्रांतांतील पोर्टलंड. त्यांनीं नाणें उडविलें, पोर्टलंडवाला जिंकला. आज तें मूळच्या पोर्टलंडाहून कितीतरी मोठें शहर आहे.

हा घोटाळा टाळण्यास आपल्या देशांत १९७२ सालीं सहा आंकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तथापि एका टपाल कचेरीखालीं अनेक गांवें असतात. म्हणून गांवाचें पूर्ण नांव व तालुका लिहिणें अवश्य आहे.

बालमित्रांनो, आपल्या गांवाच्या नांवापुढील शब्द कोठून आला, हें आजोबा-आजींस विचारा आणि तो शब्द पत्त्यांतून कधींही गाळूं नका. त्या एका शब्दावांचून एक आई आपल्या मुलाचें कौतुक पाहण्यास मुकली, हें आम्हीं विसरलों नाहीं.