आधी विचार, हा शब्द कोणत्या थराचा

तुझी नेटवर्किंगची वही पाहिली गं. ओएसआयच्या सात थरांची नावं ओळीनं, समोर व्याख्या, सगळं तोंडपाठ. परीक्षेपुरतं चालेल. पण भंडाऱ्याचे सात तालुके घडाघडा म्हणणाऱ्याला तुमसरहून लाखांदूरची वाट ठाऊक असतेच असं नाही. म्हणून सांगते, नवा शब्द भेटला की व्याख्येआधी एकच विचार: हा कोणत्या थराचा, आणि तिथं याचं काम काय?

पुस्तकातलं सात थरांचं मॉडेल १९८४ सालचं. इंटरनेट चालतं ते टीसीपी-आयपीवर, आणि अर्पानेटनं ते १ जानेवारी १९८३ लाच स्वीकारलं होतं. त्यात थर चारच मोजतात. एकीकडे सात, दुसरीकडे चार दिसले तर घाबरू नकोस. कामावरची माणसं ‘लेअर टू’, ‘लेअर थ्री’ म्हणतात ते मात्र ओएसआयच्याच क्रमांकांनी.

खरा घोळ होतो सेगमेंट, पॅकेट आणि फ्रेमचा. माहिती वरून खाली उतरताना प्रत्येक थर तिला आपलं हेडर जोडतो आणि तिचं नाव बदलतं. टीसीपीनं पोर्ट नंबर लावला की सेगमेंट, आयपीनं पत्ता लावला की पॅकेट, इथरनेटनं मॅक पत्ता लावला की फ्रेम. आयपी पत्ता, म्हणजे चौथ्या आवृत्तीतला, ३२ बिटांचा आणि शेवटच्या ठिकाणाचा. मॅक ४८ बिटांचा आणि फक्त पुढच्या टप्प्याचा, म्हणून तो प्रत्येक राउटरपाशी बदलतो. एवढं पक्कं झालं की तोंडी परीक्षेत तुला कोणी अडवणार नाही.

आता वहीबाहेरचं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली, तीच पुढे भारतनेट झाली. अशा फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. नेट गेलं की आधी तो बघ. लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये: वायर तुटली, वाकली किंवा कनेक्टर निघाला. मग पासवर्ड बदलत बसू नकोस, हा पहिल्या थराचा प्रश्न. दिवा ठीक, पण कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय? म्हणजे डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही. पत्ता आहे, ८.८.८.८ ला पिंगही जातंय, पण कुठलीच साइट नावानं उघडत नाही? डीएनएस तपास. खालून वर जायचं, मधली पायरी गाळायची नाही.

आणि एक आपल्या दोघींतलं. नेट बघायला पोरगी आली की लोक तिच्या मागे कोणी दादा येतोय का ते बघतात. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणशील तर पलीकडचा तुला डबा बंद करून चालू करायला सांगेल. ‘लॉस लाल आहे, वायर नीट बसवून पाहिली, तरी लालच’ असं सांग. मग तो पुढचा प्रश्न तुलाच विचारेल, दादाला नाही.