जवावाचून बिअर

इंग्लंडात व अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची जी पत्रे माझ्याकडे येतात, त्यांत सीलिअ‍ॅक व्याधीचे निदान झालेल्या तरुण रुग्णांची एक पृच्छा पुनःपुन्हा आढळते. गव्हाची पोळी सुटली, पाव सुटला, ते दुःख आम्ही सोसले. परंतु सुटीच्या संध्याकाळी मित्रमंडळी जमली असता आम्हीच तेवढे वेगळे बसतो, तेव्हा ज्वारी-तांदुळाची बिअर घरी तयार करावी काय, आणि ती खरोखर निर्धोक असते काय, असे हे रुग्ण विचारतात. या प्रश्नाला मी क्षुल्लक मानीत नाही. पंगतीतून उठून जावे लागणे हा या व्याधीच्या यातनेचा फार मोठा भाग आहे. आणि वर्षभर कसोशीने पथ्य सांभाळणारा मनुष्य ज्या प्रसंगी ते मोडतो, तो प्रसंग बहुधा चारचौघांतलाच असतो.

प्रथम व्याधीविषयी थोडके. गव्हातील ग्लायडिन, जवातील हॉर्डीन आणि राय या धान्यातील सिकॅलिन ही प्रथिने, ज्यांना आपण व्यवहारात सरसकट ग्लुटेन म्हणतो, ती विशिष्ट आनुवंशिक घडण असलेल्या माणसाच्या लहान आतड्यात गेली म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, त्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात, आणि मग खाल्लेले लोह, कॅल्शिअम, फोलेट अंगी लागत नाही. धान्याचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा उपासमारीच्या त्या काळातही या व्याधीची मुले सुधारू लागली आणि पाव परत येताच पुन्हा ढासळली; गव्हाविषयी त्यांना आधीपासून असलेला संशय त्यामुळे दृढ झाला, आणि १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सविस्तर मांडला. पथ्य किती काटेकोर हवे याचा अंदाज एका प्रयोगावरून यावा: दररोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले, एवढ्याने रुग्णांच्या आतड्याचे अस्तर बिघडलेले आढळले. पावाच्या एका तुकड्यात याच्या कितीतरी पट ग्लुटेन असते.

आता मद्याविषयी वैद्य म्हणून माझे मत आधीच नमूद करतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. जो पीत नाही त्याने या लेखामुळे आरंभ करू नये. ज्याचे निदान नुकतेच झाले आहे, ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिन उतरलेले आहे किंवा यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आहेत, त्याने आतडे भरून येईपर्यंत पेल्याला हात लावू नये, आणि गर्भवतीने तर मुळीच लावू नये. ज्याला केवळ संशय आहे त्याने रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नये, कारण पथ्य आधी आणि तपासणी मागाहून असा उलटा क्रम झाला की प्रतिद्रव्ये नाहीशी होऊन निदानच हुकते.

बिअरचा प्राण जवाच्या माल्टात असतो, आणि नेमका तोच या रुग्णाचा शत्रू आहे. आंबवल्याने हॉर्डीन नष्ट होते हा समज चुकीचा आहे. त्याचे तुकडे होतात, पण ते तुकडे पेल्यापर्यंत पोहोचतात. अलीकडे कारखानदार आंबवतेवेळी एक विकर म्हणजे एन्झाइम घालून हे तुकडे आणखी बारीक करतात, आणि घरी बिअर करणाऱ्यांसाठीही त्याच्या कुप्या दुकानात मिळतात. अडचण अशी की नेहमीच्या ग्लुटेनचाचणीस रेणूवर पकडीची दोन ठिकाणे लागतात. रेणू चिरला गेला म्हणजे एकच ठिकाण उरते, चाचणी मौन पाळते, आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला मात्र तो तुकडा ओळखू येण्याची शक्यता राहते. तुकड्यांसाठी वेगळी चाचणी आहे, परंतु तिच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवावी अशी ती नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली असा दंडक घातला की आंबवलेल्या पदार्थास ग्लुटेनमुक्त म्हणावयाचे तर तो आंबवण्यापूर्वीच ग्लुटेनमुक्त असला पाहिजे. ब्रिटनमध्ये मात्र मोजमाप किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत आले की जवाच्या अशा बिअरवरही ग्लुटेनमुक्त असे छापण्यास मुभा आहे. इंग्लंडातील वाचकांनी बाटलीवरील मोठ्या अक्षरांवर न थांबता खालचा बारीक मजकूर वाचावा. तेथे जव किंवा बार्ली हा शब्द दिसला तर ती बाटली परत ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

घरच्या बिअरचे खरे महत्त्व मला येथेच दिसते. घरी करणाऱ्याला चाचणीच्या भरवशावर राहावे लागत नाही. त्याच्या भांड्यात काय पडले ते त्याला ठाऊक असते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या संघराज्यीय कायद्यापासून स्वतःच्या सेवनापुरती बिअर घरी करण्यास मोकळीक आहे. महाराष्ट्रात ती नाही, हे मी ठळकपणे सांगतो: १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि आजाराचे कारण तेथे चालत नाही. बिअर उकळून तिचा अर्क काढणे तर ब्रिटन-अमेरिकेतही बेकायदा व धोक्याचे.

नवख्याने ज्वारीच्या तयार पाकापासून आरंभ करावा. सुमारे १९ लिटर द्रवास ३ किलो पाक घेतला असता साधारण मध्यम तीव्रतेची बिअर होते. या पाकात यीस्टला लागणारे नत्रयुक्त पोषण तोकडे असते, म्हणून यीस्टचे पोषक थोडे घालावे लागते. हॉप्सच्या फुलांत ग्लुटेन नसते. यीस्ट मात्र निरखून घ्यावे, कारण द्रवरूपात मिळणारे यीस्ट पुष्कळदा जवाच्या काढ्यातच वाढवलेले असते. कोरड्या यीस्टचे पाकीट, तेही ग्लुटेनमुक्त अशी ग्वाही असलेले, अधिक बरे. कोणा मित्राने जवाच्या बिअरच्या तळाचे यीस्ट प्रेमाने देऊ केले तरी ते नाकारावे. ओट शक्यतो टाळावे. त्यात गव्हा-जवाची भेसळ नित्याची, आणि काही रुग्णांना शुद्ध ओटही बाधते.

ज्याला धान्यापासूनच आरंभ करण्याची हौस आहे त्याने मोड आणण्याची कला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून शिकावी, कारण नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की वाळवून दळणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे, आणि पिष्टाची साखर करणारी विकरे मोडाच्या नाचणीत चांगली असतात. ज्वारीच्या बाबतीत एक धोका ध्यानात ठेवावा. कोवळ्या ज्वारीचा फुटवा चरून गुरे दगावतात हे आपल्या शेतकऱ्यास ठाऊक असते. त्यास कारण जे सायनाइड निर्माण करणारे द्रव्य, तेच मोडाच्या ज्वारीच्या कोंबांत व मुळ्यांत साठते. म्हणून मोड आलेली ज्वारी पूर्ण वाळवून, चोळून, कोंब व मुळ्या पाखडून टाकल्याखेरीज वापरू नये. दुसरी अडचण उष्णतेची. ज्वारीचे पिष्ट साधारण ७० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून वर शिजते, आणि तिची विकरे तर ६५ च्या पुढे झपाट्याने निकामी होतात. यावर तोड अशी की भरड कोमट पाण्यात भिजवून वरचे निवळ पाणी, ज्यात विकरे उतरलेली असतात, ते काढून ठेवावे, खालचा साका शिजवून घ्यावा, तो ६५ अंशांपर्यंत निवला की ते पाणी पुन्हा त्यात मिसळावे. ही काही नवलाची गोष्ट नाही. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठे कारखाने ज्वारीवर आले, आणि आफ्रिकेतील गावोगावच्या स्त्रिया तर त्याच्या कितीतरी आधीपासून ज्वारीची बिअर करीत आल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक भांड्यांत होते. ज्या प्लास्टिकच्या पिंपात पूर्वी जवाची बिअर झाली, त्याच्या ओरखड्यांत व नळीत काय दडले आहे ते धुऊन कळत नाही. पिंप, नळ्या, चमचा, धान्य भरडण्याचे यंत्र ही सारी नवी व वेगळी असावीत. घरात इतरांसाठी पोळ्या होत असतील तर कणकेचे पीठ हवेत तासन्‌तास तरंगते. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पिंप उघडू नये. बाटल्या भरण्यापूर्वी घनतामापीचे वाचन लागोपाठ तीन दिवस एकच आले पाहिजे आणि फेसासाठी घालावयाची साखर लिटरमागे सुमारे ६ ग्रॅमच्या वर जाऊ नये. अपुऱ्या आंबलेल्या बिअरची बाटली फुटून डोळ्यास इजा होऊ शकते. बाजारात मिळणाऱ्या घरगुती ग्लुटेनचाचणीच्या पट्ट्या धान्यावर व पाकावर वापराव्यात, तयार बिअरवर नव्हे.

आणि ज्वारीचे पीठ महाराष्ट्रातून नेले असेल तर ते बिअरलाच काय, भाकरीलाही वापरू नये, कारण आपल्या गिरणीत ज्या जात्यातून गहू जातो त्यातूनच ज्वारी जाते. अख्खे धान्य न्यावे, निवडून धुवावे, आणि स्वतःच्या यंत्रात भरडावे. पेला सुरू केल्यावर सहा महिन्यांनी प्रतिद्रव्यांची रक्ततपासणी पुन्हा करून घ्यावी. आकडा उतरण्याऐवजी चढला तर बिअर थांबवून आपल्या आहारतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना घरातली हिंगाची डबीही सोबत न्यावी. बाजारच्या मिश्र हिंगात गव्हाचे पीठ असते, आणि ती डबी कोणी तपासावयास नेत नाही.