प्रोसेसर ‘नाही’ म्हणत नाही

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी मी पायथनमध्ये ८०८५चा असेंब्लर लिहिला आहे. नीट लिहिलेले प्रोग्राम किटवर चालतात. पण चुकून ‘एलडीएएक्स एच’ लिहिलं तरी तो निमूट कोड काढून देतो. अशा नसलेल्या इन्स्ट्रक्शन कशा अडवायच्या?

उत्तर : तुमचा असेंब्लर कोड सूत्राने काढतो, हे तुम्ही न लिहिताही कळलं. रजिस्टरजोडीचे दोन बिट साच्यात बसवले की झालं! बीला ०ए, डीला १ए, इथवर ठीक. एचला मात्र सूत्र २ए देतं, आणि तो कोड एलएचएलडीचा आहे. ती तीन बाइटांची. पुढच्या ओळीत ‘एमव्हीआय सी, ०५’ असेल, तर तिचे ०ई आणि ०५ हे दोन्ही बाइट पत्ता म्हणून गिळले जातात. प्रोसेसर ०५०ईपासूनचे दोन बाइट एच-एलमध्ये भरतो, सीमध्ये काउंटर पडतच नाही, आणि लूप किती वेळा फिरेल ते देव जाणे. ८०८५ला तक्रार करायची सोयच नाही. अडवायचं ते असेंब्लरनेच.

म्हणून सूत्राआधी तक्ता हवा. प्रत्येक निमॉनिकपुढे त्याला चालणारी रजिस्टरं नावानिशी लिहा : एलडीएएक्सला बी, डी, पुशला बी, डी, एच, पीएसडब्ल्यू. (‘पुश एसपी’ सूत्रातून गेलं तर एफ५ येतं, म्हणजे पुश पीएसडब्ल्यूच.) मूव्हला नुसता तक्ता पुरत नाही. एम डावीकडे चालतो, उजवीकडेही चालतो, फक्त दोन्हीकडे एकदम नाही. कारण ‘मूव्ह एम, एम’च्या ७६वर हॉल्ट बसला आहे. त्याची तपासणी वेगळी लिहावी लागेल.

चूक सापडली की तिथेच थांबू नका. ओळ क्रमांकासह नोंदवा, शेवटपर्यंत वाचा, सगळ्या चुका एकदम दाखवा. एक जरी चूक असली तरी हेक्स फाइल लिहू नका, आणि आधीची असेल तर पुसा. मी एकदा कालचीच फाइल किटमध्ये भरून अख्खी संध्याकाळ डोकं खाजवत बसलो होतो. संदेशही कामाचा द्या : ‘ओळ १२ : एलडीएएक्सला एच चालत नाही, मूव्ह ए, एम वापरा.’

राहिले ते दहा कोड, जे इंटेलने माहितीपुस्तिकेत छापलेच नाहीत. ०८ त्यातलाच, तो एच-एलमधून बी-सी वजा करतो, आणि प्रत्यक्षात चालतोही. ते वेगळ्या स्विचमागे ठेवा. एरवी नकार, आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच तर स्विच लावून दाखवा.